गोडाच्या पुढलें

अखिला : चूक माझी असेल तर मी कबूल करीन, अम्मा. पण आधी तुम्ही एक चमचा तोंडात घालून बघा.

अंबा : मी चाखत नाहीं. एकतीस वर्षें मठांत रामनवमीचें फळांचें रसायन करतें आहें. देवाच्या आधीं एक थेंब जिभेस लावला नाहीं. तुज ठाऊक नाहीं काय?

अखिला : ठाऊक आहे. पण हे देवाचं नाही, सॅम्पल आहे. देवाचं परवा, बुधवारी.

अंबा : जिभेस काय कळतें गे, सॅम्पल कोणतें नि नैवेद्य कोणता? एकदां सोकावली की सोकावली.

अखिला : मग मीच सांगते. कडू झालंय. केळं लागत नाही, आंबा लागत नाही, खजूर कुठल्या कुठे गेलाय. नुसता पच्चकापूर. देवळातल्या तीर्थात असतो ना खायचा कापूर, तो इथे मूठभर ओतल्यासारखा. माझा घसा अजून गार आहे.

अंबा : एप्रिलच्या उन्हांत घसा गार पडला तर पुण्यच की.

अखिला : थट्टा नको ना. उद्या सकाळी नऊला कल्याणराम मामा हेच चाखायला येणार आहेत. ते काही पाहुणे म्हणून येत नाहीत, मठाचे सेक्रेटरी म्हणून येतायत.

अंबा : येऊं दे. कॉफी देऊं.

अखिला : कॉफीनं भागणार नाही. ते स्पष्ट सांगून गेलेत. रसायन आवडलं तर रसायन, नाही तर प्रसादाला बाटलीतला आंब्याचा रस. एजंट चाळीस क्रेट फुकट देतोय. बदल्यात मांडवाच्या तोंडाशी त्याचा बोर्ड.

अंबा : रामाच्या डोक्यावर बाटलीचें चित्र. बरें दिसेल.

अखिला : त्यांचंही अगदीच चूक नाही. मठातल्या निम्म्या लोकांना शुगर आहे. तुमचं गुळाचं रसायन हातात घेतात, डोळ्यांना लावतात आणि शेजारच्या पोराच्या ओंजळीत ओततात. दर वर्षी पातेलंभर उरतं.

अंबा : मग शुगरवाल्यांस बाटली कशी चालते? तींत काय कडुलिंब घालतात?

अखिला : चालत नाहीच. पण बाटलीला झाकण असतं. घरी नेता येते, कोण प्यालं ते कोणी विचारत नाही. म्हणून तर मी सुचवलं, गूळ निम्म्याहून कमी करू. गोडी फळांचीच येऊ दे. पूवन केळी, खजूर, नवा आलेला आंबा, नारळाचं दूध. वर सुंठ, वेलदोडा, जायफळ, पच्चकापराचा एक कण. सुंठ थोडी वाढवली की गूळ कमी आहे हे लवकर कळत नाही. त्यातले दोन चमचे शुगरवाल्यानं खाल्ले तर आभाळ कोसळत नाही. हे सगळं मी सांगितलं आणि तुम्ही हो म्हणालात.

अंबा : म्हणालें की.

अखिला : लगेच म्हणालात. तेव्हाच मला नवल वाटलं होतं. दुकानदारानं हिंग बदलला तरी तुम्ही दोन दिवस त्याच्यावर बोलत असता. गूळ निम्मा केला तर एक शब्द नाही.

अंबा : मग आतां तुज म्हणायचें काय आहे?

अखिला : विचारायचंय. माझी पद्धत उद्या फसावी म्हणून हे मुद्दाम केलंत का?

अंबा : पुण्याची आई नि मद्रासचें कॉलेज. विचारतेस मात्र नेमकें.

अखिला : उत्तर द्या ना.

अंबा : समज तसेंच.

अखिला : समज म्हणजे?

अंबा : म्हणजे मुद्दाम केलें. एकतीस वर्षांचा माझा हात, नि दोन वर्षांमागें आलेल्या सुनेनें वहींत ग्राम लिहून आणले. केळीं इतके ग्राम, खजूर तितके ग्राम. मज राग आला. दोन खडे जास्त टाकले. झालें समाधान?

अखिला : नाही झालं. तोंडावर सांगितलं असतंत तर मी वही मिटून कपाटात ठेवली असती. कॉलेजात मी पोरींना शिकवते, घरी तुमच्याकडून शिकते, असं मी सगळ्यांना सांगत असते. मला वाटायचं, निदान या स्वयंपाकघरात तरी तुम्ही मला आपली मानता.

अंबा : मानतें.

अखिला : ही मानायची रीत?

शेषाद्री : अगे, दूध तळाशीं लागतें आहे. ओसरीपर्यंत वास आला म्हणोन उठून आलों.

अंबा : बंद करतें. हें बघा, केलें बंद. तुम्ही कशास उठलांत? जा, पंख्याखालीं बसा.

अखिला : अम्मा, तुम्ही तर गॅससमोरच उभ्या आहात.

अंबा : बोलण्याच्या भरांत लक्ष गेलें नाहीं.

अखिला : मला मघापासून वास येतोय. मला वाटलं तुम्हाला मुद्दाम आटवायचं असेल. इतकं करपेपर्यंत तुम्हाला कळलं कसं नाही?

शेषाद्री : होतें असें. वय झालें.

अखिला : अप्पा, तुम्ही ओसरीवरून उठून आलात. काल सकाळीही आला होतात. दाराशी उभे राहून म्हणालात, कॉफीचें डिकॉक्शन उतरलें वाटतें, छान वास आहे. परवा म्हणालात, मोहरी झाली, आतां करपेल. तुमच्या लेकाला, श्रीकरला, मी फोनवर हे सगळं सांगितलंसुद्धा. म्हटलं, गोड बंद झाल्यापासून अप्पांचा जीव स्वयंपाकघरात अडकलाय. दोघं खूप हसलो.

शेषाद्री : हसलांत तें बरें केलें.

अखिला : पण चाळीस वर्षांत तुम्ही जेवणाला एकदाही छान म्हटलं नाही, हे अम्माच येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. मग हल्ली रोज वासाचं एवढं कौतुक का?

अंबा : म्हातारपणीं शहाणपण सुचलें असेल. उशिरां का होईना.

अखिला : पोंगलपासून सुरू झालंय हे. आणि पोंगलच्या आधी तुम्हाला ताप आला होता, अम्मा. आठ दिवस नाक बंद होतं.

अंबा : ताप कोणास येत नाहीं?

अखिला : जरा डोळे मिटा. मी एक डबी उघडून तुमच्या नाकाशी धरते. आत काय आहे तेवढं सांगा.

शेषाद्री : नको अखिला. तिची परीक्षा घेऊं नको.

अखिला : म्हणजे खरं आहे तर.

अंबा : तुम्हीं दोन मिनिटें गप्प बसायचें होतें. झाकली मूठ होती.

शेषाद्री : पोर रडवेली होऊन आपल्या खोलींत गेली असती. तें तुज चाललें असतें?

अंबा : चाललें असतें. सून रागावते नि चार दिवसांनीं विसरते. पण मठांत एकदां कळूं दे की अंबाबाईस वास येत नाहीं. मग माझ्या हातचें कोणी निर्धास्त खाणार नाहीं. हिनें नासका नारळ घातला असेल काय, दूध लागलें असेल काय, म्हणोन प्रत्येक जण आधीं हुंगून पाहील. हुंगलेलें देवास चालत नाहीं. म्हणजे मीच चालत नाहीं.

अखिला : म्हणून तुम्ही दुष्ट ठरायला तयार झालात? माझ्यापुढे?

अंबा : तुझ्यापुढें सोपें वाटलें. तूं घरची.

अखिला : मला किती वाईट वाटलं, कल्पना आहे तुम्हाला?

अंबा : आहे. मजही बरें नव्हतें वाटत. पण एवढें एकच माझें आहे गे. ह्यांचें नांव महालांतल्या ग्रंथालयांत, श्रीकराचें बँकेंत, तुझें कॉलेजांत. माझें नांव वर्षांतून एक दिवस, त्या पातेल्याशीं.

अखिला : आणि तो कापूर?

अंबा : पूर्वीं कापराचा कण पडला की वास उठून अंगावर येई. तो आला की हात आपोआप मागें. आज घातला तर कांहींच आलें नाहीं. उभी राहिलें. घातला की घालायचा आहे? म्हणोन घातला. पुन्हां तेंच. किती वेळां घातला, खरेंच सांगतां येत नाहीं.

अखिला : मी बाहेरच बसले होते. हाक मारून विचारायचं.

अंबा : काय विचारूं? अखिला, मी आतां काय केलें, असें?

अखिला : डॉक्टरना दाखवलंत?

शेषाद्री : दाखवलें. म्हणाले, वर्षभरांत वास परत येईल. न आला तर मग येणार नाहीं.

अंबा : एवढें तर मज दारावरच्या भाजीवालीनेंही सांगितलें असतें.

अखिला : अप्पा, तुम्हाला कळलं कसं? यांनी सांगितलं?

शेषाद्री : ती काय सांगते. पोंगलाच्या दुसऱ्या दिवशीं जाईचा गजरा आणून दिला. म्हणाली, आज शिळीं फुलें गळ्यांत मारलीं तुमच्या. समोर ओवून घेतला होता मी. देठांतून पाणी ठिबकत होतें.

अंबा : आणि हे कांहीं बोलले नाहींत. दुसऱ्या दिवसापासून दाराशीं येऊन सांगूं लागले. मज वाटलें, मस्करी चालली आहे. चौथ्या दिवशीं समजलें. तेव्हांपासून ओसरीवर पाय वाजला की मी कान देतें.

अखिला : चव तरी लागते ना?

अंबा : गोड कळतें. खारट, आंबट, तिखट कळतें. काल बंगनपल्ली आंब्याची फोड खाल्ली. गोड होती. आंबा नव्हती. डोळे मिटले तर गुळाचें पाणी की आंबा, मज सांगतां येणार नाहीं.

अखिला : आणि मी नेमका गूळच काढायला निघाले.

अंबा : तुज काय ठाऊक. तेवढेंच माझ्याकडे उरलें होतें, तेंही ही मुलगी वहींत खोडते आहे, असें वाटलें. मग ह्यांच्याकडे पाहिलें. सहा वर्षें झालीं, हे माझ्या हातचें रसायन डोळ्यांस लावून परत करतात. म्हटलें, मज गोड कमी पडलें तर पडो. ह्यांच्या पोटांत दोन चमचे जातील. म्हणोन लगेच होय म्हणालें.

अखिला : अप्पा, हे तुम्हाला माहीत होतं?

शेषाद्री : वासाचें ठाऊक होतें. हें आतां ऐकतों आहें.

अंबा : ऐकलें ना? मग जा पंख्याखालीं.

शेषाद्री : येथेंच बसतों थोडा.

अखिला : बसा. दोघंही ऐका आता. केळी अजून आहेत, खजूर भिजलेला आहे, नारळ दोन आहेत. सॅम्पल आत्ता पुन्हा करू. आणि परवाही तुम्हीच करायचं. मी उंबऱ्याशी उभी राहते. नारळाचं दूध ताजं आहे का, केळं उतरलंय का, ते मी वासावरून सांगते.

अंबा : सरी, बरें, सॅम्पलास चालेल. परवा नाहीं. घ्राण म्हणजे अर्धें भोजन. हें ह्यांच्याच पोथ्यांत आहे. देवाच्या आधीं तूं वास घ्यायचा म्हणजे अर्धें उष्टेंच झालें.

शेषाद्री : वास घेणें निराळें, वास येणें निराळें. ती कांहीं पातेल्यांत नाक घालणार नाहीं. उंबऱ्याशीं उभी राहील, आपण होऊन येईल तो येईल. चाळीस वर्षें मज ओसरीवर येतो आहे. देवानें कधीं तक्रार केली नाहीं.

अंबा : सोयीचें शास्त्र.

शेषाद्री : गैरसोयीचेंही आहे, पण तें मोठें आहे. वाचून होईपर्यंत नवमीची दशमी होईल.

अखिला : कापराचं मी असं म्हणते. आधीच मोजून कागदाच्या चिमुकल्या पुड्या बांधू. कापराची एक, जायफळाची एक, सुंठीची एक. पातेल्याच्या उजव्या हाताला मांडायच्या. घातली की कागद डावीकडे. कागद डावीकडे दिसला म्हणजे घातलं, मग वास येवो न येवो.

अंबा : पुड्या बांधून रसायन. वैद्यासारखें.

अखिला : अम्मा, हे माप तुमचंच आहे. गेल्या वर्षी तुम्ही चिमूट घेतलीत तेव्हा मी खाली वाटी धरून ती वजन करून ठेवली होती. कॉलेजच्या तराजूवर. तेव्हा नाक होतं तुमचं. वहीत मी माझं काही लिहिलेलं नाही, गूळ सोडला तर.

अंबा : माझी चिमूट तूं तराजूंत घातलीस?

अखिला : तीन वेळा. तिन्ही वेळा तेवढीच भरली.

अंबा : अहो, ऐकलें काय?

शेषाद्री : ऐकलें.

अंबा : आण ती वही. नि एक सांगतें. श्रीकरास कळवायचें नाहीं.

अखिला : मुलगा आहे तुमचा.

अंबा : म्हणोनच. मद्रासला नेऊन दहा डॉक्टरांपुढें बसवील. रामनवमी होऊं दे, मग मीच सांगेन. आतां नारळ फोड. आणि केळीं सोलतांना काळें पडलेलें बाजूस काढ. तें डोळ्यांनीं मज दिसतें, त्यांत फसवूं नको.

(बुधवार, रामनवमी. दुपार टळली आहे. मठाच्या मागल्या अंगणात सावलीला तिघे बसले आहेत. शेषाद्रींच्या हातात द्रोण.)

अखिला : पातेलं रिकामं झालं. तळाशी आपल्यापुरतं राहिलं होतं, ते काढून आणलं. हा तुमचा द्रोण, अम्मा.

अंबा : बाटल्यांचें काय झालें?

अखिला : त्याही संपल्या. काल आपलं सॅम्पल आवडलं तरी मामांना एजंटाला नाही म्हणवेना. पोरं सगळी तिकडेच होती. एकेकानं तीन-तीन प्यायल्या. बोर्ड मात्र मांडवाच्या मागं लावलाय, गाईच्या गोठ्याकडे.

अंबा : गाईस वाचतां येत असेल तर उपयोग होईल.

अखिला : मामा म्हणाले, पुढल्या वर्षी दोन्ही ठेवू.

अंबा : पुढलें वर्ष पुढें. त्या शुगरवाल्या राघवेंद्राचें सांग. तो रांगेंत दिसला होता मज.

अखिला : त्यांनी द्रोण डोळ्यांना लावला आणि सवयीनं शेजारच्या मुलाला द्यायला हात पुढे केला. मग थांबले. मला विचारलं, किती चालेल? म्हटलं, दोन चमचे. तिथंच खांबाला टेकून उभ्यानं खाल्लं त्यांनी.

अंबा : काय म्हणाला?

अखिला : द्रोण पुसून घेतला बोटानं.

अंबा : नांवें ठेवणारें कोणी असेलच.

अखिला : संगीता मामी म्हणाल्या, गोड कमी आहे.

अंबा : तिला ताकही गोड कमी लागतें. असूं दे. अखिला, सकाळचें तें विसरायला होत नाहीं.

अखिला : कोणतं?

अंबा : सातवा नारळ. फोडला, किसला, दूध काढलें. पांढरें शुभ्र होतें. मी तें पातेल्यांत ओतायला उचललें, नि तूं उंबऱ्यावरून म्हणालीस, अम्मा, तें नको. किती हळू म्हणालीस. पलीकडे चार बायका बसल्या होत्या, एकीसही कळलें नाहीं. ओतलें असतें तर सगळें पातेलें गेलें असतें.

अखिला : पण गेलं नाही ना.

अंबा : आज नाहीं. मज भीति वाटते गे. हें म्हणायचें राहिलें होतें, म्हणोन म्हटलें. परवां तुज खोटें सांगितलें, तेंही मनांतून काढून टाक.

अखिला : काढलं. तुम्ही खा ना आता. देवाचं झालंय.

अंबा : खातें. अहो, तुम्ही काय नुसते द्रोण धरून बसलांत? दोन चमचे, बाकीचें अखिलेस द्या.

शेषाद्री : सहा वर्षांनीं खातों आहें. घाई करूं नको.

अंबा : खाल्लें ना? कसें झालें आहे?

शेषाद्री : बरें आहे.

अखिला : अप्पा, इतकंच?

शेषाद्री : थांब, बघूं दे. महालांत तीस वर्षें पोथ्यांचीं वर्णनें लिहिलीं. पानें किती, शाई कोणती, कीड कोठें लागली. एका द्रोणाचें वर्णन जमणार नाहीं, असें नाहीं.

अंबा : मग करा की. कोण अडवतें?

शेषाद्री : गोडी कमी आहे.

अंबा : तेवढें मजही कळलें. त्याच्या पुढलें सांगा.